साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये न मावलेला अल्बम

गेल्या डिसेंबरात मंगळवेढ्याच्या बाजूला एका शेतावर हुरड्याला गेलो असताना आमचा तीस वर्षांचा जुना वाद पुन्हा पेटला. ‘द क्लॅश’ या इंग्रज पंक (म्हणजे ओबडधोबड, बंडखोर रॉक) बँडचा सर्वोत्तम अल्बम कोणता, हा तो वाद. या विषयावरून हमरीतुमरीवर येणारी माणसे सोलापुरात मोजून तीन-चार निघतील, आणि ती सगळीच त्या दिवशी एका आगटीभोवती बसली होती: मी, पूर्व भागात टॉवेलचा कारखाना चालवणारा माझा वर्गमित्र, पुण्याहून आलेला मावसभाऊ, आणि आमच्यापेक्षा वयाने निम्मी असलेली माझी भाची. दिवस आम्ही मुद्दाम २२ डिसेंबरच्या आसपासचा धरतो, कारण २००२ साली त्या तारखेला बँडचा गायक जो स्ट्रमर वयाच्या ५० व्या वर्षी वारला. ज्वारी हुरड्यात येण्याचा आणि त्याच्या पुण्यतिथीचा मुहूर्त जवळपास एकच पडतो, ही आमची सोय.

हिशेब मांडायचा तर १९७७ ते १९८५ या काळात क्लॅशचे सहा स्टुडिओ अल्बम निघाले. शेवटचा ‘कट द क्रॅप’ आम्ही मोजतच नाही, कारण तो निघाला तेव्हा गिटारवादक मिक जोन्स आणि ड्रमवादक टॉपर हेडन या दोघांनाही बँडमधून काढून टाकलेले होते. राहिले पाच. त्यांपैकी १९७८ च्या ‘गिव्ह ’एम इनफ रोप’चे वकीलपत्र त्या दिवशीही कोणी घेतले नाही. अमेरिकी निर्माता सँडी पर्लमन याने त्याला इतकी कडक इस्त्री केली आहे की ‘सेफ युरोपियन होम’, ‘टॉमी गन’ आणि ‘स्टे फ्री’ ही गाणी सोडली तर कॉलर ताठ आणि आत माणूस नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

माझी बाजू ‘लंडन कॉलिंग’ची. ती का, हे सांगण्याआधी तो अल्बम माझ्यापर्यंत कसा पोहोचला ते सांगितले पाहिजे, कारण त्या दिवशीच्या वादात शेवटी तेच माझ्या अंगावर आले.

१९९४ साली मावसभाऊ पुण्यात वसतिगृहात राहत होता आणि त्याच्या शेजारच्या खोलीतल्या मुलाकडे या अल्बमचा दोन तबकड्यांचा मूळ संच होता. त्यावरून त्याने साठ मिनिटांच्या टीडीके कॅसेटवर तो माझ्यासाठी भरून घेतला, मुखपृष्ठाच्या मागची गाण्यांची यादी आतल्या कागदावर बॉलपेनाने जशीच्या तशी उतरवली आणि दिवाळीला येताना कॅसेट हातात ठेवली. गोम अशी की हा अल्बम पासष्ट मिनिटांचा आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, कंपनी उदार असली तर त्यावर आणखी अर्ध्या मिनिटाची. पहिल्या तबकडीवरची दहा गाणी मात्र साडेतेहेतीस मिनिटे चालतात. त्यामुळे त्या बाजूचे शेवटचे गाणे, ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’, यादीत असूनही कॅसेटवर नव्हते. बास गिटारचे पहिले चार-पाच ठोके ऐकू येत आणि टेपरेकॉर्डरचे बटण खटकन वर येई. कॅसेट उलटी करून लावावी, तर पलीकडचे पहिले गाणे ‘राँग ’एम बोयो’ थोडे वाजून मध्येच थांबते आणि पुन्हा नव्याने सुरू होते. ती बँडने जाणूनबुजून केलेली गंमत आहे, हे मला ठाऊक नसल्यामुळे मी टेपरेकॉर्डर नवी पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने स्पिरिट लावलेल्या कापसाने हेड पुसले, पंधरा रुपये घेतले, आणि गाणे पूर्वीसारखेच त्याच जागी थांबू लागले.

दुसऱ्या बाजूच्या अखेरीला तर उलटाच प्रकार होता. ‘रेव्होल्यूशन रॉक’ संपल्यावर, यादीत ज्याचा पत्ताच नाही असे एक गाणे सुरू होई आणि दोनेक मिनिटांनी तुटे. म्हणजे नाव होते ते गाणे नव्हते, आणि गाणे होते त्याला नाव नव्हते. मावसभावाने चुकून दुसऱ्याच कोणाचे गाणे भरले असावे, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. वास्तविक चूक त्याची नव्हती. ‘ट्रेन इन व्हेन’ हे ते गाणे लंडनच्या एका संगीत साप्ताहिकासोबत फुकट वाटायच्या पातळ तबकडीसाठी केले होते. तो बेत फिसकटला तेव्हा अल्बमची वेष्टने छापून झालेली होती, म्हणून ते नावाशिवायच शेवटी जोडले गेले. हेच निनावी गाणे पुढे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत गेले.

आता कारखानदार मित्राची बाजू. त्याचे दैवत १९७७ चा पहिला अल्बम, ज्याचे नाव बँडच्याच नावावरून ‘द क्लॅश’ असे आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सीबीएस कंपनीच्या लंडनमधील स्टुडिओत तीन आठवड्यांच्या शनिवार-रविवारच्या आगेमागे हा अल्बम मुद्रित झाला, आणि त्याला खर्च आला सुमारे ४,००० पौंड. चौदा गाणी आणि सारा खेळ पस्तीस मिनिटांत आटोपलेला. ड्रमवर तेव्हा टेरी चाइम्स होता, ज्याचे नाव वेष्टनावर ‘टोरी क्राइम्स’ असे छापले आहे. ब्रिटनच्या हुजूर, म्हणजे ‘टोरी’, पक्षाच्या नावाने ही कोटी कोणी केली असेल ती असो, पण गडी अल्बम बाहेर येण्याआधीच बँड सोडून निघाला होता. मित्राचे म्हणणे असे की या अल्बमनंतरचे सगळे शहाणपण आहे आणि शहाणपण पंकला शोभत नाही. “बाकीचं सगळं डिझाइन आहे बे, हे नुसतं सूत आहे,” हे त्याचे ठरलेले वाक्य.

त्याच्या या बोलण्याला आधार आहे, हे मी नाकारत नाही. त्या अल्बमवरच्या ‘करिअर ऑपॉर्च्युनिटीज’ या गाण्यात बेकार पोरांना देऊ केल्या जाणाऱ्या नोकऱ्यांची जंत्री आहे, आणि त्यातली टपाल उघडण्याची नोकरी मिक जोन्सने एका सरकारी कार्यालयात खरोखर केली होती, तीही पत्रांतून बॉम्ब येण्याचे दिवस असताना. आम्ही ते गाणे ऐकले तेव्हा सोलापुरातल्या राहिलेल्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून गप्प होत होते आणि साळखात्यात वीस-वीस वर्षे काढलेली माणसे वॉचमनच्या जागेसाठी कोणाकोणाच्या चिठ्ठ्या आणत होती. मित्राच्या वडिलांकडेच दर आठवड्याला अशी चार माणसे येत. त्यामुळे इंग्रजी अर्धे कळत असूनही गाणे पुरते कळले. शिवाय चोवीस यंत्रमाग चालू असलेल्या शेडमध्ये ज्याचे बालपण गेले, त्याला त्या अल्बममधल्या गिटारी कर्कश वाटत नाहीत, घरच्या वाटतात, हेही मला समजते.

तथापि, ‘नुसते सूत’ हा दावा टिकत नाही. त्याच अल्बमवर ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ हे जमैकाच्या ज्युनियर मर्विनचे गाणे आहे. इतर गाणी दोन-अडीच मिनिटांत आवरत असताना हे एक सहा मिनिटे चालते, आणि ते काढून घेतले तर अल्बमचा सहावा भाग रिकामा होतो. शुद्ध पंक म्हणून ज्याची पूजा करायची, त्या अल्बममध्येच रेगे या जमैकी संगीताचा धागा पहिल्या दिवसापासून विणलेला आहे. ज्यांना पुढचा ‘लंडन कॉलिंग’ बाटलेला वाटतो, त्यांनी या सहा मिनिटांचे काय करायचे ते आधी ठरवावे.

यावर उत्तर म्हणून मित्राने फोन स्पीकरला जोडला आणि “हे ऐक, मग बोल,” असे म्हणून ‘व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले’ लावले. रेगेच्या जलशाला मोठ्या आशेने गेलेला आणि तिथे नुसती करमणूक पाहून खट्टू झालेला स्ट्रमर त्यात आहे, आणि गाणे असे आहे की आगटीतली कणसे राखेत परतणारे शेतमालकाचे हातही क्षणभर थांबले. ते संपायच्या आत भाची फोनमधून डोके वर न काढता म्हणाली, “काका, पण हे गाणं त्या अल्बमवर नाहीच आहे.”

“नाही कसं? माझ्या सीडीत आहे की!”

त्याच्या सीडीत ते आहे, हे खरे. ती सीडी त्याच्या मेव्हण्याने २००० च्या सुमारास न्यू जर्सीहून आणली होती. सीबीएसच्या अमेरिकी शाखेला १९७७ चा अल्बम इतका ओबडधोबड वाटला की तो तिथे काढण्यासच तिने नकार दिला; मग बाहेरून आयात होऊन त्याच्या सुमारे एक लाख प्रती अमेरिकेत खपल्या, तेव्हा १९७९ साली कंपनीने तो काढला, पण मूळची चार गाणी गाळून आणि मधल्या दोन वर्षांतली ‘कम्प्लीट कंट्रोल’, ‘आय फॉट द लॉ’ यांसारखी सुटी निघालेली गाणी आत भरून. ‘व्हाइट मॅन’ हे जून १९७८ चे गाणे आहे, मूळ अल्बमच्या चौदा महिने नंतरचे. म्हणजे ज्या ‘नंतरच्या शहाणपणा’वर मित्र पंचवीस वर्षे टीका करत होता, त्यातला उत्तम वाटा त्याच्याच सीडीत होता आणि त्याची भक्ती निम्मी तरी त्यावरच पोसलेली होती. तो काही वेळ बोलला नाही. शेंगाचटणी आणि गुळाचा खडा पुढे सरकवून मी विजय साजरा केला, तो फार काळ टिकला नाही.

मावसभाऊ ‘सँडिनिस्टा’चा माणूस. डिसेंबर १९८० मध्ये निघालेल्या या अल्बममध्ये तीन तबकड्या, छत्तीस गाणी आणि जवळजवळ अडीच तासांचे संगीत आहे. निकाराग्वातल्या क्रांतिकारकांवरून नाव घेतलेले, आणि इंग्लंडमधला त्याचा कॅटलॉग क्रमांकही त्या संघटनेच्या आद्याक्षरांवरून ‘एफएसएलएन १’ असा ठेवलेला. यातले ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ १९८० च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाले. रॅप हा प्रकार त्या शहराबाहेर नीट पोहोचलाही नव्हता, तेव्हा लंडनच्या या गोऱ्या पोरांनी तो उचलला, हे धाडस मावसभावाच्या मते बाकी सर्व अल्बमांवर मात करते. कारखानदार मित्राला त्यात वेगळीच गोष्ट आवडली. तिन्ही तबकड्या मिळून किंमत ५.९९ पौंडांच्या वर जाऊ नये, म्हणून बँडने पहिल्या दोन लाख प्रतींवरच्या मानधनावर पाणी सोडले होते. “एका टॉवेलच्या भावात तीन, आणि मजुरी आपल्या खिशातून,” असा हिशेब करून तो म्हणाला, “हे फक्त बँडच करू जाणे.”

मी मग एक परीक्षा सुचवली. मित्राच्या गाडीतले चलन-पुस्तक आणून त्याच्या कोऱ्या पानांवर प्रत्येकाने छत्तीसांतली आपली बारा गाणी लिहायची. चौघांच्या याद्यांत सामाईक निघाली फक्त चार: ‘मॅग्निफिसंट सेव्हन’, ‘समबडी गॉट मर्डर्ड’, ‘वॉशिंग्टन बुलेट्स’ आणि ‘पोलीस ऑन माय बॅक’. मावसभावाने मात्र ‘मेन्सफोर्थ हिल’ आग्रहाने यादीत घातले आणि ते वाजवून दाखवले. हे गाणे म्हणजे त्याच अल्बमवरचे ‘समथिंग अबाउट इंग्लंड’ उलटे फिरवून केलेला प्रकार आहे. अर्धा मिनिट झाल्यावर आगटीजवळच्या गड्याने स्पीकरमध्ये पाणी गेले का, म्हणून काळजीने विचारले. ज्या अल्बममधून प्रत्येक श्रोत्याला आपला एक वेगळा अल्बम कातरून काढावा लागतो, तो कितीही प्रेमळ आणि दिलदार असला, तरी सर्वोत्तम कसा म्हणावा? मावसभावाचे उत्तर असे की चोवीस गाणी फेकून देता येणे हीच श्रीमंती. या मुद्द्यावर आम्ही दरवर्षी इथेच थांबतो.

भाचीची बाजू मला सर्वांत जड गेली. ती १९८२ च्या ‘कॉम्बॅट रॉक’ची. तिची पिढी या बँडपर्यंत येते ती बहुधा ‘शुड आय स्टे ऑर शुड आय गो’वरून, जे नेटफ्लिक्सवरच्या एका मालिकेने पुन्हा घरोघरी नेले, तसे ते १९९१ सालीही एका जीन्सच्या जाहिरातीमुळे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले होते, अल्बम निघाल्यानंतर नऊ वर्षांनी. दुसरे गाजलेले गाणे ‘रॉक द कॅस्बा’, ज्याची चाल टॉपर हेडनची, आणि ड्रम, पियानो व बास ही तिन्ही वाद्येही त्यानेच वाजवलेली; मात्र त्याच्या चित्रफितीत ड्रमवर दिसतो तो परत बोलावलेला टेरी चाइम्स, कारण हेरॉइनपायी हेडनची तोवर हकालपट्टी झाली होती. भाचीने या दोन्ही गाण्यांचे नाव काढले नाही. ती म्हणाली, “मामा, तुमची एकोणीस गाणी एका पारड्यात घाला आणि ‘स्ट्रेट टू हेल’ दुसऱ्या.” तिला ते सापडले होते २००७ च्या ‘पेपर प्लेन्स’ या गाण्यातून, ज्याची सुरावट त्यावरून घेतलेली आहे. उत्तर इंग्लंडातल्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्यांपासून ते सुरू होते, परदेशातून आलेल्या माणसाला चालता हो म्हणणाऱ्या दारावर थबकते, आणि अमेरिकी सैनिकांनी व्हिएतनाममध्ये मागे टाकलेल्या मुलांकडे जाते. हे सर्व आवाज न चढवता. स्ट्रमर अंकाऱ्यात जन्मलेला, त्याचे वडील लखनौत जन्मलेले; कोण कुठला आणि कोणाला कुठे परत पाठवायचे, हा प्रश्न त्याने पुस्तकातून घेतला नसावा.

‘स्ट्रेट टू हेल’ हे क्लॅशचे सर्वोत्तम गाणे आहे, हे मी तिथेच मान्य केले. परंतु वाद अल्बमचा आहे. मिक जोन्सने ‘कॉम्बॅट रॉक’ दोन तबकड्यांएवढा लांबवला होता, आणि ग्लिन जॉन्स या निर्मात्याने कापून एका तबकडीत बसवला. दुसऱ्या बाजूवर त्या कातरकामाच्या खुणा दिसतात, आणि पहिल्या बाजूच्या शेवटी आलेल्या ‘स्ट्रेट टू हेल’नंतर ती बाजू लावण्याचे कारण मला कधी फारसे सापडले नाही.

‘लंडन कॉलिंग’ मात्र दोन तबकड्यांचा आहे आणि दोन तबकड्यांचाच असायला हवा. कंपनी त्याला तयार नव्हती. तिने अल्बमसोबत एक मोठ्या आकाराची, मोजक्या गाण्यांची तबकडी फुकट देण्यास होकार दिला, आणि बँडने त्या फुकटच्या तबकडीवर नऊ गाणी बसवून एकाच्या किमतीत दोन तबकड्या बाजारात आणल्या. १४ डिसेंबर १९७९ ला तो इंग्लंडात निघाला. अमेरिकेत जानेवारीत पोहोचल्यामुळे ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी नियतकालिकाने पुढे त्याला ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवले. निर्माता गाय स्टीव्हन्स मुद्रण चालू असताना खुर्च्या फेकायचा आणि त्याने पियानोत वाइन ओतली होती. ‘ब्रँड न्यू कॅडिलॅक’ हे पहिल्याच प्रयत्नात घेतलेले गाणे पुढे पुढे वेग घेते, अशी तक्रार आली तेव्हा, रॉक अँड रोल असेच धावते, असे म्हणून त्याने ते तसेच ठेवले. त्याचे ऐकले म्हणून बरे. त्याच्याच मागोमाग ‘जिमी जॅझ’ आळसावून येते, आणि पुढे ‘रूडी कान्ट फेल’ ब्रास वाजवत. हे सर्व एकाच बँडचे वाटते याचे श्रेय मी हेडनच्या हातांना देतो. गाण्यांचा विषयही एकमेकांत गुंतलेला आहे. मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात झालेला अपघात आणि थेम्सच्या पुराची धास्ती यांनी शीर्षकगीत सुरू होते, बीबीसीच्या युद्धकाळातल्या घोषणेचे शब्द घेऊन. आणि जगबुडीपासून निघालेला हा अल्बम संपतो तो एका सोडून दिलेल्या प्रियकराच्या साध्या तक्रारीवर, त्या निनावी ‘ट्रेन इन व्हेन’वर.

“यातले एकही गाणे काढता येणार नाही,” असे मी म्हटले मात्र, आणि इतका वेळ गप्प असलेला मित्र सरसावून बसला. “तुझ्या कॅसेटवर एक गाणं नऊ वर्षं नव्हतं. तुला काय कमी पडलं?”

हा घाव वर्मी होता. २००३ साली मुंबईहून पूर्ण सीडी आणेपर्यंत माझा ‘लंडन कॉलिंग’ पहिल्या बाजूला ‘क्लॅम्पडाउन’वर संपत असे, आणि तो शेवट मला योग्यच वाटे: कारखान्यात जाऊन, वय वाढवून, हळूहळू हुकूम सोडणाऱ्यांत सामील होणाऱ्या तरुणांना दिलेली ती हाक आहे. त्यानंतर ‘गन्स ऑफ ब्रिक्स्टन’ आहे, हे कळल्यावर चित्र पालटले. ते बासवादक पॉल सिमनॉनचे पहिलेच गाणे, त्याने स्वतःच्या काहीशा बसक्या आवाजात म्हटलेले. वेष्टनावर सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये बास गिटार जमिनीवर आपटताना दिसतो, तोच हा. छायाचित्रकार पेनी स्मिथला तो फोटो धूसर म्हणून नको होता. ‘क्लॅम्पडाउन’ लढायला सांगते. त्यापाठोपाठ दार फोडून पोलीस आत येतात आणि आता तू हात वर करून येणार की कसा, असे सिमनॉन विचारतो. घोषणेनंतर लगेच येणारी ती भीती माझ्या कॅसेटवर नव्हती. पण नव्हती तेव्हा मला कमी काय पडले, याला माझ्याकडे अर्धेच उत्तर होते: ते चार-पाच ठोके. काहीतरी यायचे राहिले आहे, एवढे ते रोज सांगत. प्रामाणिकपणे आणखी एक कबूल करतो, ‘लव्हर्स रॉक’ त्या कॅसेटवरून गाळले गेले असते, तर मी बोभाटा केला नसता. मित्राने ही कबुली चलन-पुस्तकात तारखेसह लिहून घेतली.

परतताना अंधार पडला होता. गाडीत मित्रानेच, मोठ्या मनाने की टोमणा म्हणून ते कळले नाही, ‘लंडन कॉलिंग’ लावला. सोलापूरचे दिवे दिसू लागले तेव्हा ‘क्लॅम्पडाउन’ विरत आले होते, मागे भाची झोपली होती. बासचे पहिले ठोके पडले, एक, दोन, तीन, चार, आणि माझा हात कॅसेट उलटी करण्यासाठी पुढे गेला.